शिडाच्या होडीची शाळा

भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी धानाच्या शेतीसाठी बांध घालून निर्माण केलेले तलाव आजही गावोगाव दृष्टीस पडतात. मोहाडी तालुक्यातून तर प्रत्यक्ष वैनगंगा वाहते. असे असूनही मोहाडी, तुमसर अथवा भंडारा येथील सुशिक्षित घरांतील किती मुलामुलींस होडी हाकता येते, असा प्रश्न कोणी केला, तर आपणांस निरुत्तरच व्हावे लागेल. ‘पाण्याजवळ जाऊ नकोस’ हा एकच धडा आपण मुलांस देतो, आणि डोंगा चालविणे हे धीवरांचे काम, असे समजून स्वस्थ बसतो.

या उदासीनतेस इतिहास आहे. एके काळी समुद्रगमन निषिद्ध मानले जाई, आणि परदेशी जाऊन आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. पुढे १८४६ मध्ये मुंबईस यॉट क्लब निघाला, तो साहेबलोकांच्या करमणुकीसाठी. त्यामुळे शिडाची होडी म्हणजे एक तर कोळ्यांचा धंदा, नाही तर धनिकांची चैन, अशी समजूत आपल्यांत रूढ झाली. आमच्या मते ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. कारण होडी हे शिक्षणाचे एक उत्तम साधन आहे.

त्या शिक्षणाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. १९४७ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ नावाची होडी आखली. तिची लांबी सुमारे पावणेआठ फूट, शीड एकच, आणि बसणारे मूलही एकच. आज जगभर मुलांचा श्रीगणेशा बहुधा हिच्यावरच होतो. आरंभी पोहणे, तरंगते जाकीट अंगात घालणे आणि दोरीच्या गाठी मारणे हे शिकवितात. पुढे वारा ओळखावयाचा. वाऱ्याच्या अगदी समोर कोणतीही शिडाची होडी जात नाही. तिला वाऱ्याच्या कधी उजव्या, कधी डाव्या अंगास वळवीत नागमोडी मार्गाने न्यावे लागते. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला म्हणजे होडी उजवीकडे वळते. वाऱ्याचा झोत आला की शिडाची दोरी सैल सोडावयाची आणि अंगाचा भार वाऱ्याच्या बाजूस टाकावयाचा. हे सर्व त्या क्षणी मुलाने स्वतःच ठरवावयाचे असते. आई शेजारी नसते आणि मास्तरही दूर असतात.

सर्वांत महत्त्वाचा पाठ होडी उलटण्याचा. शिक्षकांच्या देखरेखीखाली ती मुद्दाम उलटवितात. तिच्या तळाच्या फळीवर भार देऊन ती सरळ कशी करावी, आणि होडी सोडून एकट्याने काठाकडे पोहत जाण्याचे साहस का करू नये, हे मूल अनुभवाने शिकते. ज्याने हा पाठ घेतला, त्याची भीती जाते, पण सावधपणा राहतो. पाण्यापासून मुलांस दूर ठेवल्याने नेमके याच्या उलट घडते.

क्लबातील सहवासाचा लाभही कमी नाही. होडी एकट्याने उचलत नाही. ती काठावर आणणे, धुणे, शीड वाळविणे, ही कामे सर्वांनी मिळून करावयाची असतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून चालत आला आहे. तेथे मुख्यतः वल्ह्यांच्या होड्या आहेत, शिडाच्या नव्हेत. तथापि तेथील विद्यार्थ्यांचा वार्षिक ‘रेगाटा’ पाहावयास पुणेकर कुटुंबे नदीकाठी गर्दी करतात. होड्यांच्या नाना रचना आणि मशालींचे खेळ पाहताना एका क्लबाचा उत्सव साऱ्या गावाचा कसा होतो, हे ध्यानात येते.

‘आमच्याकडे समुद्र कोठे आहे?’ असा आक्षेप कोणी घेईल. त्यास मध्य प्रदेशातील उदाहरण पुरेसे आहे. पवारांच्या जुन्या संस्थानामुळे मराठी वाचकांस परिचित असलेल्या देवास जिल्ह्यातील नेहा ठाकूर ही शेतकऱ्याची मुलगी भोपाळच्या तलावावर शिडाची होडी शिकली. २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत, वयाच्या सतराव्या वर्षी, तिने रौप्यपदक मिळविले. मुलींविषयी शंका घेणाऱ्यांनी ‘तारिणी’चेही स्मरण ठेवावे. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या या शिडाच्या नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. त्यापूर्वी २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी दांडेकरांनीच बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने ही प्रदक्षिणा केली होती, असे करणारे ते पहिले भारतीय होत.

तेव्हा भंडाऱ्याच्या एखाद्या खोल आणि निर्वेध तलावावर चारसहा लहान होड्यांचे मंडळ स्थापन करण्यास कोणती हरकत असावी? मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. या तलावांवर मासे आणि शिंगाडे यांवर पोट भरणारे धीवर बांधव आहेत. त्यांची जाळी तुडवून आमच्या मुलांनी विहार करणे हा अन्याय होईल. त्यांच्या संस्थांशी विचारविनिमय करून जागा व वेळ ठरवावी. इतकेच नव्हे, तर पाण्याचा तळ, वाऱ्याची लहर आणि पावसाळ्यातील धोके शिकविण्यासाठी त्यांच्यापैकी जाणत्या मंडळींस योग्य वेतन देऊन शिक्षक नेमावे, आणि त्यांच्या मुलांस आपल्या मुलांच्या बरोबरीने, विनाशुल्क प्रवेश द्यावा. ज्यांचे ज्ञान आपण पिढ्यान्‌पिढ्या हलके मानले, त्यांच्यापुढे आपल्या मुलांनी शिष्य म्हणून बसावे, हा या शाळेचा पहिला आणि कदाचित सर्वांत मोलाचा धडा ठरेल.