चुका दिसतात, तरी पान उलटतंच!

वय वर्षं शंभरच्या वर आणि रोज सकाळी दप्तर घेऊन शाळेत! स्टेफनी मेयर यांच्या 'ट्वायलाइट'मधला (२००५) एडवर्ड असा आहे. १९१८ साली तो व्हॅम्पायर झाला, तेव्हापासून त्याचं वय सतरावर थांबलंय. उन्हात त्याची कातडी चमचमते. आवडत्या मुलीच्या खोलीत तो रात्री चोरून शिरतो आणि तिला झोपलेली बघत बसतो. प्रत्यक्षात कोणी असं केलं तर आपण पोलिसांत जाऊ. पुस्तकात मात्र लाखो वाचक विरघळले.

अंधेरीला मेट्रोत चढून असंच एखादं जाडजूड पुस्तक उघडणाऱ्या मुलीला विचारून बघा. कथेतल्या चुका ती तुमच्या आधी सांगेल. तरीही घाटकोपर आलं की तिचा चेहरा पडतो; प्रकरण अर्धंच राहिलेलं असतं. चूक कळते आणि मजाही येते, हे एकाच डोक्यात जमतं कसं?

मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००० साली एक गमतीशीर प्रयोग प्रसिद्ध केला. वाचकांना एक कथा दिली आणि जिथे काही खोटं वाटेल तिथे गोल करायला सांगितलं. खोटं बोललं की नाक लांबणाऱ्या पिनोकियोचं नाव या युक्तीला दिलं होतं. जे वाचक कथेत जास्त रमले, त्यांनी गोल कमी केले. कथा तीच, शब्दही तेच! रमलेल्या मनाला खटकणंच कमी होतं. चुकांची यादी तयार होते ती बहुधा पुस्तक मिटल्यावर, जिना उतरताना.

पण मन रमतं तरी कशात? याचं एक उत्तर मराठीत दीडशे वर्षांपूर्वीच छापलं गेलंय. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही अद्भुतरम्य कादंबरी आली. प्रस्तावनेत रिसबुडांनी मनातली अडचण सरळ सांगून टाकली. आपल्याकडची लग्नाची रीत आणि इतर कारणं पाहता लोकांच्या आयुष्यात रंगतदार गुण नाहीत की दोष नाहीत. रोजचं लिहिलं तर त्यात गोडी नाही, म्हणून मनोरंजन करायचं तर अद्भुताकडेच वळावं लागतं.

केवढा धीटपणा! तो काळ आठवा. संमतीवयाचा कायदा १८९१ साली झाला, आणि त्यानेही मुलींचं संमतीचं वय दहावरून बारावर नेलं, एवढंच. जिथे प्रेम जमायच्या आधीच लग्न उरकत होतं, तिथे प्रेमकथेला राजवाडे आणि चमत्कार लागणारच. कथेचा अतिरेक त्या घरांतल्या उणिवेच्या मापाचा होता.

आज बोरिवलीत, मुलुंडमध्ये प्रेम करायला कोणी फारसं अडवत नाही. उणीव आहे ती सवडीची. नोकरी, क्लास, गर्दी यांतून दोघांनी एकमेकांकडे निवांत बघायचं कधी? अशा वेळी ज्याला मरण नाही, झोप नाही, ऑफिस नाही आणि ज्याचं सगळं लक्ष एकाच मुलीवर आहे, असा नायक समोर येतो. तर्काने पाहिलं तर तो हास्यास्पद आहे. पण तो अमर आहे म्हणूनच त्याच्याकडे वेळ आहे, आणि वाचणारीला हवी असते ती नेमकी तीच चैन. जी खोट समीक्षक दाखवतो, तिच्यातूनच ही गोडी येते. नायकाला शहाणा, वयाला शोभेल असा केला, तर पुस्तक सुधारेल आणि कदाचित बेचवही होईल.

म्हणजे सगळंच माफ, असं नाही. रात्री चोरून खोलीत शिरणं पुस्तकाबाहेर गुन्हाच आहे, आणि तो वाचकाला कळलाच पाहिजे. बहुतेकींना तो कळतोही. तेव्हा घरात कोणी असं पुस्तक वाचत असेल तर 'हे काय वाचतेस?' म्हणून नाक मुरडू नका. यात काय चुकलंय आणि तरी काय आवडलं, हे दोन प्रश्न विचारा. दुसऱ्याचं उत्तर जास्त लक्ष देऊन ऐका.