खाल्लेलं पान मोजायचं कसं?

भिलाई-3 मध्ये ऑगस्टच्या सुमारास एखाद्या रिकाम्या प्लॉटवर कमरेएवढं गाजरगवत माजलेलं दिसलं, तर त्यातलं एक झाड जवळून निरखा. शेंड्यापाशी जेमतेम सहा मिलिमीटरचा, मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला भुंगेरा चरत असेल, तर तो मूळचा मेक्सिकोचा. नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. गाजरगवताची भारतातली नोंद 1955 सालची, पुण्यातली. त्याचा हा वैरी 1983 मध्ये मुद्दाम बंगळुरूला आणला गेला. आपल्या पिकांना तो तोंड लावतो का, याची तपासणी झाली आणि 1984 मध्ये त्याला मोकळं सोडलं.

एवढासा जीव खाऊन खाऊन खातो किती? इथूनच गंमत सुरू होते, कारण मोजायचं आहे ते जे उरलेलंच नाही!

सागाच्या पानाचं एक वेळ ठीक. ते आलेख कागदावर ठेवायचं, भोकांच्या कडेनं पेन्सिल फिरवायची आणि आतले चौकोन मोजायचे. गाजरगवताचं पान मात्र मुळातच चिरलेलं. कुठली खाच जन्मजात आणि कुठली भुंगेऱ्याची? मग ‘पाव गेलं, निम्मं गेलं’ असा नजरेनं अंदाज बांधावा लागतो.

बरं, भोकही सरळ साक्ष देत नाही. कोवळ्या पानाला पडलेलं भोक, फुग्यावरच्या ठिपक्यासारखं, पानाबरोबर वाढत जातं. किड्यानं खाल्लं त्याहून जास्त दिसतं. उलट, जे पान देठापर्यंत फस्त झालं, ते मोजणाऱ्याच्या हाती लागतच नाही. ऑस्ट्रेलियाच्या वर्षावनांत मार्गारेट लोमन यांनी पानांवर खुणा करून तीच पानं पुन्हा पुन्हा तपासली. एकदाच पानं तोडून केलेला हिशेब खऱ्या नुकसानापेक्षा फार कमी भरतो, हे त्यांनी दाखवलं तेही 1984 मध्येच.

म्हणून शेजारी न खाल्लेलं झाड हवं. सारख्या उंचीची दोन झाडं निवडायची, दोन्हींवर मच्छरदाणीचं कापड घालायचं आणि एकातच भुंगेरे सोडायचे. जाळी दोन्हींना का? तिच्या सावलीनंही वाढ बदलते. तो दोष भुंगेऱ्याच्या माथी यायला नको.

आणि एवढं करूनही पानांचा हिशेब अर्धाच. भुंगेऱ्याची मादी अंडी घालते पानाखाली. त्यातून निघालेली अळी आधी शेंड्याचे आणि बेचक्यातले कोंब कुरतडते. कोंबाचं क्षेत्रफळ ते किती! पण तो गेला की त्यावर येणारी फुलं गेली, आणि एकेक झाड हजारो बिया धरतं. म्हणजे क्षेत्रफळात नगण्य ठरणारा घास बियांच्या हिशेबात सगळ्यात महाग पडतो.

तारीखही लिहून ठेवावी लागते. थंडी सुरू होताच बहुतेक भुंगेरे मातीत शिरून झोपतात, ते पुढच्या पावसात वर येतात. ओल मिळेल तिथे गाजरगवत मात्र हिवाळ्यातही उगवतं, आणि तेव्हा त्याला खाणारं फारसं कुणी नसतं. ऑगस्टमध्ये काड्या उरलेला प्लॉट जानेवारीत पुन्हा हिरवागार दिसला, तर दोन्ही नोंदी खऱ्याच.

जबलपूरचं खरपतवार अनुसंधान निदेशालय 16 ते 22 ऑगस्ट गाजरगवत जागृती सप्ताह पाळतं. दोन जाळ्यांचा प्रयोग करून पाहायला हेच दिवस उत्तम. हातमोजे घाला, या गवतानं अंगाला खाज सुटते. आणि पानांआधी फुलं मोजा.