दुपारी कॉम्प्युटर का मंदावतो?

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या पोरांची मे महिन्यात एकच तक्रार असते, दुपारी कॉम्प्युटर रखडतो. बऱ्याचदा ग्राफिक्स कार्ड बिघडलेलं नसतं, तापलेलं असतं. चिप ८० अंशांच्या पुढे गेली की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करते.

कार्ड घेताना मेमरी सगळे विचारतात, वॅट कुणी विचारत नाही. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे १७० वॅटचं, त्यानंतरचं ४०६० मात्र ११५ वॅटचं. जेवढे वॅट तेवढी उष्णता. १२ जीबी मेमरीसाठी ३०६० घेणारे आहेत, पण पत्र्याच्या खोलीत मी ८ जीबीचं ४०६०च घ्या म्हणेन.

ब्लोअर कार्ड गरम हवा मागून थेट बाहेर फेकतं, आवाज मात्र फार. दोन-तीन पंख्यांचं कार्ड शांत चालतं, पण बरीच गरम हवा कॅबिनेटमध्येच सोडतं. त्यामुळे कॅबिनेटला पुढून हवा घेणारा आणि मागून काढणारा पंखा लागतोच. खोलीतच ४२ अंश असतील तर पंखे तरी काय करणार म्हणा!

धूळ काढताना कॉम्प्युटर बंद करा, पंख्याची पाती बोटाने धरा, मगच हवा मारा. नाहीतर पंखा गरागरा फिरून बेअरिंग जाऊ शकतं.