मुठीतून सुटणारे फुगे

मरोळ म्हटलं की हल्ली मेट्रोचं स्टेशन आठवतं आणि बोरिवलीच्या खाडीपलीकडची गोराई म्हटली की पॅगोडा. या गावांत आपल्या कितीतरी आधीपासून ईस्ट इंडियन मंडळी राहतात. घरात मराठीचीच बोली बोलणारा हा ख्रिस्ती समाज. 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी हे नाव घेतलं. त्यांच्या लग्नातले फुगे ज्यानं खाल्ले नाहीत, त्याला उपनगर अर्धंच कळलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बँकेच्या नोकरीत खातेदारांच्या घरची लग्नं चुकत नाहीत. मरोळच्या एका मांडवामागं मी फुगे होताना पाहिले. मैदा, अंडी, नारळाचं दूध, किंचित साखर, मीठ. आंबवायला पूर्वी ताडी असे, आता यीस्ट. पीठ सैल, हाताला चिकटणारं. बाईनं मूठ आवळली की अंगठा आणि तर्जनीमधून गोळा वर यायचा. तो ओल्या बोटांनी तोडून तेलात टाकायचा, की टम्म! बरोबर झणझणीत रस्सा.

गंमत म्हणजे नायजेरियातले पफ-पफ असेच मुठीतून पिळून तळतात. केनिया-टांझानियाच्या किनाऱ्यावरच्या मंदाझीत नारळाचं दूध असतं, वर वेलची. कोणी कोणाकडून घेतलं, या वादात मी पडत नाही.

मला मधुमेह आहे, त्यामुळं हिशेब मांडावाच लागतो. पिष्टमय पदार्थाच्या एका ग्रॅमला चार कॅलरी, तेलाच्या एका ग्रॅमला नऊ. तेव्हा गोळा तेल किती पितो, हे महत्त्वाचं. तेल नीट तापलेलं नसेल तर तो जास्त पितो. मैद्यात कोंडा नाही, म्हणून रक्तातली साखर झरझर चढते. त्या मानानं पश्चिम आफ्रिकेतला अकारा, म्हणजे चवळी भिजवून, सोलून, वाटून तळलेला वडा, प्रथिनांत सरस. तळणाच्या तेलातले ध्रुवीय घटक 25 टक्क्यांवर गेले की ते तेल टाकून द्यावं, असा नियम जुलै 2018 पासून आहे. गाडीवर ते मोजतो कोण?

पूर्वी फुग्यांसाठी गावठाणातल्या पाच-सहा बायका एकत्र बसत, तेही लग्नासणालाच. आता ऑर्डर दिली की डझनावारी पाकीट कुठल्याही मंगळवारी घरपोच. सोय झाली खरी, पण माझ्यासारख्यानं त्या सोयीच्या वाटेला जाऊ नये. लग्नात मात्र मी भात सोडतो आणि दोन फुगे घेतो. तिसऱ्याकडे हात गेला तर सौ. बोलत नाही, नुसती बघते.