वायुसंवेदक

वायुसंवेदक हे हवेतील विशिष्ट वायूचे अस्तित्व ओळखून त्याच्या प्रमाणाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे साधन आहे. रासायनिक कारखाने, तेलशुद्धीकरण प्रकल्प आणि भूमिगत कोळसा खाणी येथे ज्वलनशील किंवा विषारी वायूंचा शिरकाव, तसेच ऑक्सिजनची कमतरता वेळीच लक्षात यावी यासाठी त्याचा उपयोग होतो. संवेदक, विद्युत मंडल, आकडे दाखवणारा दर्शक आणि इशारा देणारा भोंगा किंवा दिवा मिळून जे उपकरण तयार होते, त्याला वायुशोधक म्हणतात. सर्व वायू ओळखू शकेल असा एकच संवेदक नाही. प्रत्येक प्रकार वायूच्या एखाद्या ठरावीक गुणधर्माला प्रतिसाद देतो, आणि त्या गुणधर्मामुळेच त्याच्या मर्यादाही ठरतात.

आवश्यकता

वायूंच्या धोक्याचे तीन प्रकार आहेत : स्फोट, विषबाधा आणि गुदमरणे. हवेत मिथेनचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असेल, तर एका ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट बळाने बांधला जातो. नायट्रोजन विषारी नाही. परंतु बंद टाकीत तो ऑक्सिजनची जागा घेतो आणि आत उतरलेला मनुष्य काही श्वासांतच बेशुद्ध पडू शकतो.

हे धोके ओळखण्यास मानवी ज्ञानेंद्रिये अपुरी पडतात. मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन यांना रंग नाही आणि वासही नाही. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. मात्र प्रमाण सुमारे १०० पीपीएमपर्यंत वाढले की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो. धोका वाढत असताना तो टळल्याचा भास होतो.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेटची गळती होऊन हजारो लोक मृत्युमुखी पडले. कारखान्यातील कामगारांना गळतीची पहिली जाणीव डोळ्यांच्या जळजळीवरून झाली होती. या रसायनाची कामाच्या जागी मान्य असलेली मर्यादा ०.०२ पीपीएम होती, तर डोळ्यांची जळजळ सुमारे २ पीपीएमला सुरू होते. म्हणजेच शरीराने इशारा देईपर्यंत सुरक्षित मर्यादा शंभर पटींनी ओलांडलेली असते.

इतिहास

इंग्लंडमधील फेलिंग येथील खाणीत २५ मे १८१२ रोजी झालेल्या स्फोटात ९२ जण मरण पावले. अशा दुर्घटनांनंतर हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये सुरक्षा दीप तयार केला. त्याच्या ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी असे. जाळी उष्णता शोषून घेत असल्यामुळे आतील ज्वाला बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचत नसे. मिथेनच्या उपस्थितीत ज्योतीवर फिकट निळे टोक दिसे आणि त्याच्या उंचीवरून वायूचे प्रमाण अजमावता येई. ऑक्सिजन कमी झाल्यास ज्योत विझे. त्यामुळे प्रकाशाचे हे साधन वायू ओळखण्याचेही साधन ठरले. तथापि सुमारे एक टक्क्याहून कमी मिथेन ज्योतीवरून ओळखणे अवघड होते.

शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात कार्बन मोनॉक्साइड ओळखण्यासाठी लहान प्राणी वापरण्याचा सल्ला दिला. श्वसन व चयापचय वेगवान असल्यामुळे कॅनरी पक्ष्यावर या वायूचा परिणाम माणसाआधी होतो आणि खाणकामगारांना बाहेर पडण्यास अवधी मिळतो. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी १९८६ मध्ये निवृत्त झाले व त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी घेतली.

उत्प्रेरकी ज्वलनावर आधारित वायुशोधक १९२० च्या दशकात अमेरिकेत तयार झाला. जपानमधील नाओयोशी तागुची यांनी १९६० च्या दशकात टिन ऑक्साइडचा अर्धवाहक संवेदक विकसित केला. घरगुती वायुगळतीचा इशारा देणाऱ्या उपकरणांत तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला.

मापनाची एकके

विषारी वायूंचे प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग आहेत, असे मोजतात. ज्वलनशील वायूंसाठी निम्न स्फोटमर्यादेची टक्केवारी वापरतात. ज्या किमान प्रमाणाला वायू पेट घेऊ शकतो, ती त्याची निम्न स्फोटमर्यादा होय. मिथेनची ही मर्यादा ५ टक्के धरल्यास दर्शकावरील '२० टक्के' याचा अर्थ हवेत १ टक्का मिथेन आहे असा होतो. या दोन टक्केवाऱ्यांची गल्लत होणे धोक्याचे आहे.

प्रमुख प्रकार

उत्प्रेरकी संवेदक : यात प्लॅटिनमच्या तारेच्या वेटोळ्यावर बसवलेले दोन सूक्ष्म मणी असतात. एका मण्यावर उत्प्रेरकाचा लेप असतो, दुसऱ्यावर नसतो. तापलेल्या पहिल्या मण्यावर ज्वलनशील वायू जळतो, मण्याचे तापमान वाढते आणि तारेचा विद्युत रोध बदलतो. हा फरक व्हीटस्टन सेतूने मोजतात. हायड्रोजनसह बहुतेक ज्वलनशील वायू याने ओळखता येतात. मात्र ज्वलनासाठी ऑक्सिजन आवश्यक असल्याने ऑक्सिजन कमी असलेल्या जागी त्याचे वाचन चुकते. वायूचे प्रमाण स्फोटक पल्ल्याच्या पलीकडे गेल्यासही आकडा खाली येऊ शकतो. सिलिकोन व शिसे यांच्या संयुगांमुळे उत्प्रेरक निकामी होतो.

विद्युतरासायनिक संवेदक : यात वायू पटलातून आत शिरतो, विद्युतअग्रावर त्याची रासायनिक अभिक्रिया होते आणि प्रमाणानुसार विद्युतप्रवाह निर्माण होतो. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, क्लोरीन, अमोनिया आणि ऑक्सिजन यांसाठी तो वापरतात. त्याचे आयुष्य मर्यादित, साधारणपणे दोन-तीन वर्षांचे असते. इतर वायूंनाही तो काही अंशी प्रतिसाद देतो. उदाहरणार्थ, बॅटऱ्या प्रभारित करण्याच्या खोलीतील हायड्रोजनमुळे कार्बन मोनॉक्साइडचा खोटा इशारा मिळू शकतो.

अवरक्त संवेदक : अनेक वायू अवरक्त किरणांच्या ठरावीक तरंगलांबी शोषतात, मिथेन ३.३ मायक्रोमीटरच्या आसपास. किरणांची तीव्रता किती घटली यावरून वायूचे प्रमाण कळते. याला ऑक्सिजन लागत नाही व उत्प्रेरकही नसतो. परंतु हायड्रोजन आणि क्लोरीन अवरक्त किरण शोषत नसल्याने ते याला अदृश्य राहतात.

प्रकाश-आयनन संवेदक : जंबुपार किरणांनी बाष्पाच्या रेणूंचे आयनन करून हा संवेदक बेंझीन, टोल्यूइन यांसारखी सेंद्रिय बाष्पे अत्यल्प प्रमाणातही टिपतो. बाष्प आहे हे तो सांगतो, कोणते आहे हे सांगत नाही. मिथेनचे आयनन त्याच्या नेहमीच्या दिव्याने होत नाही.

कोळसा खाणींतील उपयोग

कोळशाच्या थरात अडकलेला मिथेन खोदकामाबरोबर मोकळा होतो. तो हवेहून हलका असल्याने छताजवळ साचतो. म्हणून तेथे मापन करणे महत्त्वाचे असते. मिथेनच्या स्फोटाने उडालेली कोळशाची धूळ पेटल्यास स्फोट खाणीत दूरवर पसरतो. आज झारखंडमध्ये असलेल्या ढोरी येथील खाणीत २८ मे १९६५ रोजी झालेल्या स्फोटात २६८ कामगार दगावले.

भारतीय नियमांनुसार खाणीत कोणत्याही जागी ज्वालाग्राही वायूचे प्रमाण १.२५ टक्क्यांहून आणि वायुवीजन विभागातून परतणाऱ्या हवेत ०.७५ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. १.२५ टक्के म्हणजे निम्न स्फोटमर्यादेचा चौथा हिस्सा. यंत्रांवरील मिथेन-संवेदक विद्युतपुरवठ्याशी जोडलेले असल्यास मर्यादा ओलांडताच यंत्र आपोआप बंद पडते.

कोळसा आपोआप तापून पेटण्याचा धोकाही असतो. ज्वाला दिसण्यापूर्वी हवेतील कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो. या वाढीचे ऑक्सिजनच्या घटीशी असलेले गुणोत्तर ग्रॅहम गुणोत्तर म्हणून ओळखले जाते. एखाद्या वेळच्या आकड्यापेक्षा या गुणोत्तराचा चढता कल अधिक अर्थपूर्ण मानतात.

रासायनिक कारखान्यांतील उपयोग

कारखान्यात पंप, झडपा, नळजोड आणि साठवण टाक्या यांच्याजवळ स्थिर संवेदक बसवतात. जागा ठरवताना वायूची घनता आणि वाऱ्याची दिशा पाहिली जाते. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड असल्याने त्याचा संवेदक जमिनीलगत असतो. हायड्रोजनचा संवेदक उंचावर असतो. मोकळ्या आवारात दोन टोकांमध्ये अवरक्त किरण सोडून दरम्यानच्या संपूर्ण रेषेवर लक्ष ठेवता येते.

टाकी, विहीर किंवा मलवाहिनी अशा बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सल्फाइड मोजणारे चौवायू उपकरण वापरतात. प्रथम ऑक्सिजन, मग ज्वलनशील आणि शेवटी विषारी वायू असा मापनाचा क्रम असतो. ऑक्सिजन अपुरा असल्यास उत्प्रेरकी संवेदकाच्या आकड्यावर विसंबता येत नाही, हे या क्रमामागील एक कारण आहे. मापन तळ, मध्य आणि वरचा भाग अशा तिन्ही पातळ्यांवर करावे लागते.

देखभाल आणि मर्यादा

निकामी झालेला उत्प्रेरकी संवेदक शून्य आकडा दाखवतो आणि शुद्ध हवेतील चांगला संवेदकही शून्यच दाखवतो. नुसत्या दर्शकाकडे पाहून या दोहोंतील फरक कळत नाही. त्यामुळे ज्ञात प्रमाणाचा वायू देऊन उपकरण प्रतिसाद देते की नाही हे वापरापूर्वी तपासतात आणि ठरावीक काळाने अंशशोधन, म्हणजेच कॅलिब्रेशन करतात. स्फोटक वातावरणात उपकरणातूनच ठिणगी पडू नये यासाठी त्याची विद्युत रचनाही सुरक्षित असावी लागते.

उपकरण अचूक असले, तरी त्याचा इशारा मानला गेला नाही तर संरक्षण मिळत नाही. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील अपर बिग ब्रँच खाणीत ५ एप्रिल २०१० रोजी झालेल्या स्फोटात २९ कामगार ठार झाले. त्यापूर्वी त्याच खाणीत एका यंत्रावरील मिथेन-संवेदक, काम थांबू नये म्हणून, तारा बदलून निष्प्रभ करण्यात आल्याचे नंतरच्या खटल्यात उघड झाले. स्फोटाची सुरुवात त्या यंत्रापासून झाली नव्हती. तथापि सुरक्षेपेक्षा उत्पादनाला प्राधान्य देण्याच्या तेथील पद्धतीचा तो पुरावा ठरला. वायुसंवेदक गळती रोखत नाही, तो केवळ अवधी मिळवून देतो. पुरेसे वायुवीजन, झडपा व टाक्यांची देखभाल, सुटकेचे मार्ग आणि काम थांबवण्याचा कामगाराचा अधिकार यांची जोड असेल तरच त्या अवधीचा उपयोग होतो.