हात किती आणि यंत्र किती?

नवजात अर्भकाला व्हेंटिलेटर लावताना आम्हा बालरोगतज्ज्ञांपुढे पहिला प्रश्न असतो तो हा, की श्वासाचे किती काम यंत्राने करावयाचे आणि किती बाळाने? त्या उत्तरावरून मोड ठरतो. कंट्रोल मोडमध्ये सारा भार यंत्रावर. एसआयएमव्हीत काही श्वास यंत्राचे, काही बाळाचे. सीपॅपवर श्वास सर्वस्वी बाळाचा, यंत्राकडून केवळ दाबाचा आधार. हा धडा उभी हयात गिरविल्यावर पंचावन्नाव्या वर्षी तोच एका छंदाने मला नव्याने शिकविला. आणि तोही रुग्णालयात नव्हे, रामाकोन्याच्या शेतात.

ड्रोन आता आपल्या भागाला अपरिचित राहिलेला नाही. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात तो पडद्यावर दिसला. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांच्या मोजणीसाठी तो खेड्यांवरून फिरू लागला. आमच्या घरी तो आला माझ्या भाच्याच्या हातून. अभियांत्रिकीच्या या विद्यार्थ्याने चार पंख्यांचे, सुमारे दीड किलो वजनाचे यंत्र स्वतः जुळविले आणि त्यात आर्डूपायलट ही मुक्त संगणकप्रणाली बसविली.

२०२३ ची दिवाळी होती. पांढुर्णा जिल्हा त्याच वर्षी ऑक्टोबरात अस्तित्वात आलेला. सोयाबीन निघून शेत मोकळे झाले होते, बांधापलीकडे संत्र्याची बाग होती. गावातील पंधरावीस मुले भोवती जमली. भाच्याने रिमोट माझ्या हाती दिला. रिमोटवरील मोडच्या बटनाला तीन जागा : वर स्टॅबिलाइझ, मध्ये लॉइटर, खाली आरटीएल. मी लॉइटरमध्ये यंत्र सावकाश उतरवीत होतो. त्यासाठी थ्रॉटलची दांडी खाली ओढलेली होती. आता ते आपोआपच उतरू द्यावे म्हणून बटन खाली ढकलावयाचे, ते मी वर ढकलले.

“मामा, दांडी वर घ्या!” भाचा ओरडला, पण तोवर यंत्र दुमजली उंचीवरून दगडासारखे कोसळले होते. पंख्याचा एक तुकडा उडून सहा वर्षांच्या एका मुलीच्या भुवईवर लागला. डोळा दोन बोटांनी वाचला. जखम मीच धुतली, दोन टाके मीच घातले. आणि तिच्या आईपुढे उभे राहून “चूक माझी आहे” हेही मलाच सांगावे लागले. तीस वर्षांच्या व्यवसायात इतके अवघड वाक्य मी क्वचितच उच्चारले असेल.

त्या रात्री भाच्याने मला जे समजाविले, ते आधी समजून घ्यावयास हवे होते. स्टॅबिलाइझ मोडमध्ये यंत्र केवळ आपला तोल सावरते. उंची सर्वस्वी आपल्या हातात असते. दांडी खाली म्हणजे पंख्यांचा जोर संपला. आल्ट-होल्डमध्ये हवेच्या दाबावरून यंत्र उंची राखते, परंतु वारा त्याला वाहून नेऊ शकतो. लॉइटरमध्ये उंचीबरोबरच उपग्रहांच्या साहाय्याने जागाही धरून ठेवली जाते. आरटीएलमध्ये ते निघालेल्या जागी परत येऊन स्वतः उतरते. आल्ट-होल्ड व लॉइटर या दोहोंत दांडी मध्यावर, साधारण चाळीस ते साठ टक्क्यांत असली की उंची स्थिर. त्याखाली नेली तर यंत्र संथपणे उतरते. म्हणजे दांडी तीच, जागा तीच. मोड बदलताच तिचा अर्थ बदलतो. माझा अपघात नेमका या फटीत घडला.

त्यानंतर आम्ही मोडची मांडणी बदलली. वर लॉइटर, मध्ये आल्ट-होल्ड, खाली आरटीएल. आता घाईत बटन कुठेही गेले तरी यंत्र कोसळत नाही. स्टॅबिलाइझ वाईट नव्हे. हात तयार करण्यासाठी तो आवश्यकच आहे. पण त्याचा सराव भाचा एकटा, रिकाम्या शेतात करतो.

आरटीएलवरही डोळे मिटून विसंबू नये. मूळ प्रणालीत परतीची उंची पंधरा मीटर असते. संत्र्याच्या झाडांवरून ती पुरेशी आहे. जुन्या चिंचेवरून किंवा विजेच्या मनोऱ्यावरून नाही. भोवतालचे सर्वांत उंच झाड पाहून आम्ही ती तीस मीटर केली. दुसरे असे, की मोटारी चालू होण्यास सज्ज केल्या जातात त्या क्षणाची जागा यंत्र ‘घर’ मानते. म्हणून उपग्रहांशी नीट जुळणी होईपर्यंत उड्डाण करू नये. तिसरे, ट्रॅक्टर किंवा टिनाच्या छपराजवळून उडवू नये. लोखंडाने होकायंत्र फसते आणि लॉइटरमधील यंत्र एका जागी थांबण्याऐवजी गरगर घिरट्या घेऊ लागते.

मोड बसविल्यावर ते तपासण्याची आमची रीत साधी आहे. प्रथम चारही पंखे काढावयाचे. यंत्र लॅपटॉपला जोडावयाचे, बटन एकेका जागी नेऊन पडद्यावर उमटलेले मोडचे नाव मोठ्याने वाचावयाचे. मग रिमोट बंद करून संपर्क तुटल्याचा इशारा उमटतो की नाही हे पाहावयाचे. बाळाला व्हेंटिलेटर जोडण्यापूर्वी आपण अलार्म तपासतो, त्याहून हे वेगळे नाही.

कायद्याचेही भान हवे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला, तसेच दोन किलोपर्यंतच्या ड्रोनला व्यवसायाखेरीजच्या वापरासाठी, वैमानिकाचा परवाना लागत नाही. तरीही आपले ठिकाण नकाशातील हिरव्या क्षेत्रात आहे याची खात्री करावी, आणि तेथेही १२० मीटरची मर्यादा पाळावी. परवाना लागत नाही याचा अर्थ जबाबदारी नाही, असा मात्र होत नाही.

आमच्या अनेक सहकाऱ्यांच्या घरी आता मुले-नातवंडे असा ड्रोन मागू लागली आहेत. अवश्य घेऊन द्यावा. त्यातून विज्ञान शिकता येते. मात्र पहिल्या उड्डाणापूर्वी एक संध्याकाळ पंखे काढून मुलांसह बसावे, आणि प्रत्येक मोडमध्ये हाताचे काम कोणते, यंत्राचे कोणते, हे त्यांच्याकडून वदवून घ्यावे.

पुढल्या दिवाळीत आम्ही शेतात दोरी बांधून मुलांना तिच्यापलीकडे उभे केले. ती मुलगी सर्वांत पुढे होती. भुवईवरचा व्रण आता जेमतेम दिसतो. तिने मला विचारले, “डॉक्टरकाका, आज बटन कुठं हाय?” मी रिमोट वर धरून तिला दाखविले आणि मगच उड्डाण केले.