रोमन छावणीतील शनिवार-रविवार : जिवंत इतिहासाचे मेळावे नेमके काय दाखवतात?

बेंगळुरू : राजाजीनगरला खेटून असलेल्या यशवंतपूर येथे १८९१ मध्ये रेल्वेच्या कामासाठी माती काढली जात असताना रोमन चांदीची नाणी हाती लागली. त्यांवर ऑगस्टस, टायबेरियस आणि क्लॉडियस या सम्राटांच्या मुद्रा होत्या. पुढे शहराच्या पूर्वेला एचएएलच्या परिसरातही तशाच नाण्यांचा साठा मिळाला. आज ज्या रस्त्यांवरून मेट्रो आणि मालवाहू ट्रक धावतात, त्या भागात दोन हजार वर्षांपूर्वी रोमन साम्राज्याचा पैसा पोहोचला होता, त्याचा हा पुरावा. पैसा आला, पण रोमन सैन्य इथे कधीच आले नाही.

युरोपात जिथे हे सैन्य शतकानुशतके तळ ठोकून होते, तिथे सुटीच्या दिवशी त्याचीच छावणी पुन्हा उभारली जाते. ब्रिटनमधील हेड्रियनच्या भिंतीलगतचे किल्ले, वेल्समधील कार्लियन, फ्रान्समधील नीमचे रंगमंडल अशा ठिकाणी हौशी गट सैनिकी वेश करून उतरतात. व्यवसायाने शिक्षक, अभियंते किंवा दुकानदार असलेली ही माणसे दोन दिवस कातडी तंबूत राहतात, लोहारकाम करतात, लॅटिन भाषेत हुकूम देतात. या प्रकाराला ‘रीएनॅक्टमेंट’, म्हणजे इतिहासाचा पुनःप्रयोग, असे म्हटले जाते. प्रेक्षकांना त्यात हात घालू देणारे मेळावे ‘जिवंत इतिहास’ या नावाने ओळखले जातात.

कुटुंबांसाठीच्या अशा मेळाव्यांत लढाईपेक्षा छावणीलाच गर्दी अधिक असते. रोमन सैन्यात आठ जणांचा एक गट एका तंबूत राहत असे. त्यांच्याकडे सामान वाहण्यासाठी एक खेचर आणि धान्य दळण्यासाठी एक दगडी जाते असे. मुलांना हे जाते ओढायला दिले जाते. आठ जणांच्या भाकरीपुरते पीठ काढायला किती वेळ लागतो, हे त्यांच्या दंडांना लगेच समजते. हलक्या लाकडी ढाली डोक्यावर आणि बाजूंनी धरून ‘कासव’ रचण्याचा खेळही ठरलेला असतो. त्यात एकाने ढाल खाली केली की सगळी रचना उघडी पडते.

हा सगळा वेश कशाच्या आधारे शिवला जातो, हा यातील खरा रंजक भाग आहे. रोमन सैनिकाचे लोखंडी पट्ट्यांचे कवच पूर्वी मुख्यतः रोममधील ट्राजनच्या विजयस्तंभावरील शिल्पांवरून कल्पिले जात असे. पट्ट्या चामड्याच्या अंगरख्यावर बसवलेल्या असाव्यात, असा समज होता. १९६४ मध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळील कॉर्ब्रिज येथे जमिनीत पुरलेली एक लाकडी पेटी सापडली आणि त्यात या कवचांचे सुटे भाग निघाले. लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागाराचे अभ्यासक रसेल रॉबिन्सन यांनी त्यांची फेरमांडणी केली, तेव्हा पट्ट्या आतील बाजूच्या कातडी वाद्यांनी जोडलेल्या होत्या आणि अंगाबरोबर हलत होत्या, असे दिसून आले. ग्लॉस्टरशायरमध्ये १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘अर्माइन स्ट्रीट गार्ड’ या गटाने असे कवच स्वतः घडवून वर्षानुवर्षे अंगावर वागवले. वाद्या कुठे तुटतात, खांद्यावर काय रुतते, कवच पाठीमागून कुणाच्या मदतीशिवाय चढवता येते का, या प्रश्नांचे उत्तर संग्रहालयाच्या काचेआड मिळत नाही.

जर्मन इतिहासकार मार्कुस युंकेलमान यांनी १९८५ मध्ये याच विचाराची कसोटी रस्त्यावर पाहिली. खिळे ठोकलेल्या रोमन चपला, कवच आणि पाठीवर शिधा अशा थाटात ते आपल्या साथीदारांसह इटलीतील वेरोनाहून आल्प्स पर्वत ओलांडून ऑग्सबर्गपर्यंत चालत गेले.

मात्र जे डोळ्यांनी पाहिले ते मुलांना खरे वाटते, आणि नेमकी तिथेच अडचण सुरू होते. मनगटावरचे चामडी पट्टे चित्रपटांनी रूढ केले; रोमन सैनिक ते सर्रास वापरत असल्याचा आधार नाही. अंगरख्याचा लाल रंगही वाटतो तितका निश्चित नाही. हे दोष एक वेळ किरकोळ मानता येतील. हात सरळ पुढे उगारून केल्या जाणाऱ्या तथाकथित ‘रोमन अभिवादना’चे तसे नाही. कोणत्याही रोमन ग्रंथात त्याचे वर्णन नाही. फ्रेंच चित्रकार दाविद याच्या १७८४ च्या चित्रापासून रंगभूमी आणि मूकपटांतून ते पसरले आणि पुढे इटलीतील फॅसिस्टांनी उचलले. एखाद्या मैदानावर शंभर मुलांकडून ते करवून घेणे ही वेशभूषेतली चूक म्हणून सोडून देता येत नाही.

दुसरा आक्षेप पात्रांविषयीचा आहे. छावणीत सैनिक भरपूर दिसतात, गुलाम मात्र फारसे दिसत नाहीत. वास्तविक त्या सीमेवरच्या माणसांची गोष्ट कितीतरी गुंतागुंतीची आहे. साउथ शील्ड्स येथे सापडलेल्या एका थडग्यावरील शिळा सीरियातील पाल्मिरा येथून आलेल्या बराटेस नावाच्या माणसाने आपल्या पत्नीसाठी बसवली होती. तिचे नाव रेगिना. ती ब्रिटनमधील एका जमातीची, एकेकाळची गुलाम; त्यानेच तिला मुक्त करून तिच्याशी लग्न केले होते. वयाच्या तिसाव्या वर्षी ती गेली. लॅटिन मजकुराखाली त्याने आपल्या मातृभाषेत शोकाची एक ओळ कोरून घेतली आहे. तलवारबाजीच्या प्रात्यक्षिकात ही गोष्ट बसत नाही, आणि म्हणून ती सहसा राहून जाते.

महाराष्ट्राला हा सगळा प्रकार अगदीच परका नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचून त्यावर मावळे मांडणारी मुले एका अर्थी हेच करतात. मावळा दरवाज्यापेक्षा उंच असला तरी कुणाचे काही बिघडत नाही. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘जाणता राजा’ने हत्ती-घोड्यांसह दोनशेहून अधिक कलाकार मैदानावर आणले. कोल्हापूरच्या आखाड्यांतील मर्दानी खेळ तर पुनःप्रयोगही नव्हेत. ती वस्तादाकडून शिष्याकडे हातोहात आलेली विद्या आहे, आणि युरोपातील गटांना तिचा हेवा वाटावा. आपल्याकडे कमी पडते ते रोजचे जगणे. गडावर पाणी कसे साठवत, शिबंदीचा शिधा कुठून येई, तोफ वर कशी चढवत, हे राज्याभिषेकाच्या सोहळ्यात कळत नाही. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आल्यानंतर गडावर चढून येणारी कुटुंबे हेच प्रश्न विचारणार आहेत.

रोमन अध्यायही आपल्या मातीत आहे, पण तो व्यापाऱ्यांचा आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भरूचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, यांची नोंद आहे. तिथून कापड गाड्यांतून किनाऱ्याकडे जाई. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेल्या भारतीय मूर्तीशी साम्य आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात मिळालेली समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती तेथील टाउन हॉल संग्रहालयात पाहता येते.

त्यामुळे राजाजीनगरच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर असा मेळावा भरवायचे ठरले, तर तिथे पायदळ उतरवण्याची गरज नाही. तराजू, मिरीची पोती, कापसाचे तागे आणि चांदी वजनावर घ्यायची की मोजून, याची घासाघीस एवढे सामान पुरेल. शिवाय एक साचा लागेल. तेर, कोल्हापूर अशा ठिकाणी रोमन नाण्यांच्या मातीत उठवलेल्या नकला सापडल्या आहेत. त्यांना दोरा ओवण्यासाठी कडी किंवा भोक असे, आणि पुतळ्यांच्या माळेसारख्या त्या गळ्यात घातल्या जात. ज्यांना खरे नाणे परवडत नव्हते, त्यांनी सम्राटाचा चेहरा मातीत छापून घेतला होता.